माझ्या वतीनं

"पाय वर घ्या, मॅडम."

मी पाय वर घेतले. मग आवाज ओळखला.

मॉपच्या दांड्यावर दोन हात होते. करड्या कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेले. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. माझ्या मायचे हात.

चाकणच्या एका मोठ्या कंपनीत मी इंटरव्ह्यूला आले होते. रिसेप्शनच्या सोफ्यावर माझ्यासारखीच आणखी काही पोरं-पोरी बसलेली. मांडीवर फायली. आणि माझ्यासमोर वाकून माझी माय लादी पुसत होती. मी अर्धवट उठले. तिला हाक मारणार, तेवढ्यात तिनं वर बघितलं. त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. आलेल्या कुठल्याही पाहुण्याकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"बसा मॅडम. ओलं हाय, घसराल."

एवढं बोलून ती पुढच्या सोफ्याकडं सरकली. तिथल्या मुलीनं मोबाईलमधून डोकं न काढता पाय वर घेतले.

मला आजवर बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलंय. आमचं आडनाव ऐकलं की समोरचा जरासा थांबतो, मग आवाज बदलून बोलायला लागतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. त्याची सवय होते. पण मायनं मला मॅडम म्हटलं तेव्हा सवयीचं काही उरलं नाही. आपल्याच घराचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं, असं झालं.

तिनं असं का केलं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही मूळचे परभणीकडचे. गावात आमची घरं ओढ्याच्या पलीकडं. गावाची झाडलोट आमच्याच लोकांच्या वाट्याला. बाप मला आठवतो तो खोकताना. तो गेल्यावर मायनं मला उचललं आणि मामाच्या ओळखीनं पिंपरीजवळ काळेवाडीत आली. इथं कुणी आपल्याला ओळखत नाही, हेच तिला आवडलं होतं. पण इथंही तिच्या हातात झाडूच आला. फरक एवढाच की आता त्याला हाऊसकीपिंग म्हणत होते, आणि अंगावर घालायला कोट होता.

चाकणची ती कंपनी उभी राहिली तेव्हापासून माय तिथं होती. ठेकेदाराकडून. कारखान्याच्या शॉपवरचे संडास, कँटीन, वरच्या मजल्यावरची ऑफिसं. तिच्याच जिवावर मी पॉलिटेक्निकला शिकले, डिप्लोमा घेतला, भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला लागले. तिथं कामाची कमी नव्हती, पण कायम कुणालाच करत नव्हते.

मायच्या कंपनीत एक साहेब होते. एचआरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. दर रविवारी निगडीला, प्राधिकरणातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, ते गरीब मुलांसाठी इंटरव्ह्यूची तयारी करून घेणारा वर्ग चालवायचे. फुकट. मायनं त्यांची केबिन पुसताना हे ऐकलं. कितीतरी दिवस तिनं हिंमत गोळा केली आणि एकदा हातातलं फडकं पाठीमागं धरून त्यांना विचारलं, साहेब, माझी पोरगी शिकलेली हाय, तिला घ्याल का. साहेब म्हणाले, पाठव.

तेव्हापासून ते माझे सर झाले.

खोटं कशाला सांगू, माणूस चांगला वाटला. वर्ग संपला की सरांच्या बायकोनं, बाईंनी, वर घरी चहाला बोलावायचं. सोफ्यावर बसायचं. माझा कप वेगळा नव्हता. मी बारकाईनं बघितलं होतं पहिल्याच दिवशी. सगळ्यांचे कप एकाच ट्रेमधून आले आणि एकाच ट्रेमधून परत गेले. बाईंनी मला खिचडीही वाढली एकदा. त्या घरात मला कुणी कधी घालून पाडून बोललं नाही. म्हणून तर मी फसले. कप वेगळा असता तर मी सावध राहिले असते.

सरांनी मला बसायला शिकवलं. पाठ ताठ, हात मांडीवर, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. दार ढकलून आत कसं यायचं ते शिकवलं. इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायचं, तेही पाठ केल्यासारखं वाटता कामा नये. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगायचं, थापा मारायच्या नाहीत. हे सगळं मला पुढं उपयोगी पडलं. ते मी नाकारत नाही.

मग माझं बोलणं. 'पानी' नाही, 'पाणी'. 'हाय' नाही, 'आहे'. 'माय' नाही, 'आई'. मी म्हणायची, सर हसायचे, मी पुन्हा म्हणायची. घरी आले की मायसमोर तसंच बोलायला लागले. मायला गंमत वाटायची. म्हणायची, लई गोड बोलायलीस गं.

मग आडनाव. सर म्हणाले, बायोडाटावर पूर्ण आडनाव कशाला, नुसतं आद्याक्षर पुरे. आजकाल सगळे तसंच करतात. मी मान हलवली.

मग एका रविवारी त्यांनी सरावासाठी विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं?"

मी म्हटलं, मी आणि माझी आई. आई तुमच्याच कंपनीत हाऊसकीपिंगला आहे.

सरांनी पेन खाली ठेवलं. वर्गातली बाकीची मुलं ऐकत होती. सर हळू आवाजात, समजुतीनं बोलले. त्यांचं म्हणणं असं, की इंटरव्ह्यू घेणारी माणसंच असतात, त्यांच्या मनात चित्र तयार होतं, एकदा तयार झालं की पुसत नाही. तू इंजिनियर म्हणून दिसायला हवीस. तेव्हा म्हणायचं, आई घरी असते. होममेकर.

मी म्हटलं, पण ती घरी नसते.

"संध्याकाळी असते ना?" सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन.

त्या आठवड्यात घरी आरशासमोर उभी राहून मी सराव करत होते. माय भाकऱ्या थापत होती. माझे वडील नाहीत, माझी आई होममेकर आहे. इंग्रजीत एकदा, मराठीत एकदा. मायनं विचारलं, होममेकर म्हंजे काय गं? मी सांगितलं. ती हसली. म्हणाली, बरं हाय की, मला घरी बसा म्हणणारं कुणीतरी भेटलं. आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. मलाही त्यात काही खटकलं नाही. तेव्हा आम्ही दोघी एकाच बाजूला होतो.

मग त्यांच्याच कंपनीत क्वालिटीच्या जागा निघाल्या. कायमच्या. सर म्हणाले, अर्ज कर, वर्षभर तयारी केलीयस, आता दाखव.

तर त्या दिवशी माय मला ओलांडून पुढं गेली आणि थोड्या वेळानं माझं नाव पुकारलं. नाव आणि आद्याक्षर.

आत तिघं होते. मधे प्लँट हेड. एका बाजूला क्वालिटीच्या मॅनेजर बाई. दुसऱ्या बाजूला सर. सरांनी ओळख दाखवली नाही, ते ठीकच होतं. आधी कामाचे प्रश्न झाले. पार्ट रिजेक्ट झाला तर पहिल्यांदा काय बघशील, लाईन थांबवायची वेळ आली तर कुणाला सांगशील. मी भोसरीत जे करत होते तेच सांगितलं. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही. येत नाही म्हणून सांगितलं. मॅनेजर बाईंनी मान डोलावली.

मग त्यांनीच विचारलं, "घरी कोण कोण?"

सर माझ्याकडं बघून जरासं हसले. वर्गात हसायचे तसं. आता बोल, असं.

उत्तर तोंडात तयार होतं. पण डोळ्यांसमोर तो वाकलेला कोट होता. 'पाय वर घ्या, मॅडम' कानात होतं. बाहेर मायनं मला परकी केली होती. आता आत मी तिला पुसून टाकली असती, तर आमच्या दोघींत काय उरलं असतं?

मी म्हटलं, "मी आणि माझी माय. ती तुमच्याच कंपनीत आहे. आत्ता बाहेर रिसेप्शनची लादी पुसतेय."

मराठीतच बोलले. 'आई' नाही म्हटलं.

  सर समोरच्या कागदाकडं बघायला लागले. मॅनेजर बाईंनी विचारलं, नाव काय त्यांचं? मी सांगितलं. पूर्ण नाव. आडनावासकट. प्लँट हेड म्हणाले, हो का, बघितलं असेल मी त्यांना. आणि पुढं शिफ्टमध्ये यायची तयारी आहे का, असं विचारलं.

संध्याकाळी मी मायला विचारलं, मॅडम कामून म्हणालीस? तिनं पाठ फिरवली. म्हणाली, कामावर कामासारखं ऱ्हावं, वळख दाखवायची जागा हाय का ती. मी म्हटलं, आत मी तुझं नाव सांगून आले. तिचा हात थांबला.

"कामून सांगितलंस?" एवढंच म्हणाली. रागानं नाही. भ्यायल्यासारखी.

दोन-तीन दिवसांत सरांचा फोन आला. माझी निवड झाली होती. आवाज नेहमीसारखाच. म्हणाले, "अभिनंदन. जरा भावनिक झालीस तिथं. पण चालून गेलं."

मायनं पेढे आणले. गल्लीत वाटले, आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून कंपनीतही घेऊन गेली. हाऊसकीपिंगच्या बायांना कपडे बदलायला जिन्याखाली एक खोली आहे. तिथं वाटले म्हणाली. सांगताना तिचा चेहरा असा होता की मी मोबाईलवर फोटो काढला. आमच्या घरातला तो शेवटचा आनंदाचा दिवस होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ती गप्प झाली. मी म्हटलं, दमली असेल. रोज सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन निघायची. नेहमीसारखी संध्याकाळी यायची. मी माझ्या नादात. भोसरीचा राजीनामा, मेडिकल, नवे बूट. जॉईन व्हायच्या दिवशी मला वाटलं होतं, दोघी एकाच बसनं जाऊ. ती म्हणाली, मला आज दुसरी पाळी हाय, तू जा.

पहिल्या दिवशी आम्हा नव्या लोकांना प्लँट दाखवत होते. सेफ्टी शूज, डोळ्यांना चष्मा, गळ्यात कार्ड. शॉपच्या कडेनं चालताना शेवंतामावशी दिसली. मायची जोडीदारीण. चाकणजवळच्याच एका गावची, जमीन कंपन्यांत गेलेली. मी लहान असताना तिनं मला बोरं आणून दिलीत. मी हसले. तिनं तोंड फिरवलं.

मला वाटलं, बघितलं नसेल. चहाच्या सुट्टीत मी तिला त्या जिन्याखालच्या खोलीत गाठली. आणखी दोघी-तिघी बाया होत्या. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या गळ्यातल्या कार्डाला बघून. मी म्हटलं, मावशी, माय किती वाजता येते दुसऱ्या पाळीला?

शेवंतामावशीनं हातातला कप खाली ठेवला.

"तुला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "तिचा पास बंद केला. पेढं वाटलं, त्याच्या दोन दिसांनी."

"का?"

"आता आमालाच इचारती. तूच सांगितलंस ना सायबाला? सुपरवायझर सगळ्यांम्होरं म्हणला. पोरगी हापिसर झाली, तिला लाज वाटती, आईला हितून काढा म्हणली."

मी म्हटलं, मी असं म्हटलं नाही. मावशी बादली उचलून निघाली. बाकीच्या बायाही. त्यांनी माझ्यावर विश्वास कशाला ठेवावा? साहेब खोटं बोलतो आणि कार्डवाली पोरगी खरं बोलते, असं त्यांनी कधी बघितलं होतं?

दुपारच्या सुट्टीत मी सरांच्या केबिनमध्ये गेले. दार ढकलून. जसं त्यांनी शिकवलं होतं तसं नाही.

सरांनी नाकारलं नाही. हेच मला अजून पचत नाही. त्यांनी एकदाही नाकारलं नाही. खुर्ची दाखवली. म्हणाले, बस. शांतपणे सांगायला लागले. तू आता ऑफिसर आहेस. तुझ्या टेबलाखालचा कचरा तुझीच आई उचलणार, चार लोक बघणार, मागं बोलणार. तुला ते सहन झालं असतं?

"झालं असतं," मी म्हटलं.

"आज म्हणतेस. काही महिन्यांनी तूच माझ्याकडे आली असतीस."

"पण मी आले होते का? मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"सगळं सांगावं लागत नाही. मी तुला वर्षभर बघतोय. तुला जे बोलायला संकोच वाटला असता, ते मी तुझ्या वतीनं बोललो. तुझ्या भल्यासाठी."

मग त्यांनी पुढचंही सांगितलं. तेही चांगुलपणानंच. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी मायला केबिनमध्ये बोलावलं होतं. उद्या ओळख दाखवू नकोस, मुलीची तशी इच्छा आहे, असं सांगितलं होतं. निवड झाल्यावर पुन्हा बोलावलं. तुझी मुलगी माझ्याकडे रडली, असं सांगितलं. नर्व्हस होऊन तुझं नाव तोंडातून निघून गेलं म्हणाली. आता तू इथं नसलीस तर तिला मोकळं वाटेल. ठेकेदाराला एक फोन लावला. संपलं.

मी रडले नव्हते. त्यांच्यासमोर मी कधीच रडले नव्हते.

माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असावं, आता हिला दिलासा द्यावा. म्हणाले, "आईच्या कामाची काळजी करू नकोस. आमच्या सोसायटीत जिने पुसायला बाई हवीच आहे. मी बोलून ठेवतो."

त्या वेळी मला सगळं लख्ख दिसलं. या माणसाला माझ्या मायच्या हातातल्या झाडूची लाज नव्हती. तो झाडू त्यांना हवाच होता. त्यांच्या जिन्यावर. फक्त ती बाई आणि मी एकमेकींच्या कोण, हे कुणाला दिसायला नको होतं. मला वर काढायचं, तर तिच्यापासून तोडून काढायचं. आणि तोडणारा हात माझा आहे, असं तिला दाखवायचं.

मी म्हटलं, "माझ्या मायला तुम्ही खोटं सांगितलंत. तिला बोलावून खरं सांगा. माझ्यासमोर."

सर पहिल्यांदाच चिडले. म्हणाले, "तू कुठे बसली आहेस आणि कोणामुळे बसली आहेस, याचा जरा विचार कर."

मी उठले.

माय कुठं असते त्याचा पत्ता शेवंतामावशीनंच दिला. माय रोज सकाळी निघून आळंदीला जात होती. पहिले काही दिवस नदीच्या घाटावर नुसती बसून राहायची. मग एका भक्तनिवासाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. मला कळू नये म्हणून वेळ तीच ठेवली होती. माझं जॉईनिंग नीट व्हावं म्हणून.

शिफ्ट सुटल्यावर मी तशीच गेले. मागच्या अंगणात मोठी पातेली आडवी करून ती राखेनं घासत होती. मला बघितलं आणि आधी तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी बरोबर आहे का ते. माझ्या कंपनीचं कुणी.

मी खाली बसले. सांगितलं. मी कधी असं म्हटलं नाही, कुणाकडं रडले नाही, हे सगळं त्या माणसानं आपल्या मनानं केलं. माय ऐकत होती. हात चालूच. शेवटी म्हणाली,

"मला राग न्हाई आला. खरं. लेकराला वाटतं कधी असं."

"माय, मला वाटलं नाही. मी म्हटलंच नाही."

"साहेब कामून खोटं बोलतील? त्यांना काय मिळायलंय?" मग पातेल्यात बघत म्हणाली, "आन तू म्हणायचीसच की आरशासमोर. माझी आई घरी ऱ्हाते."

 ते वाक्य सरांचं होतं. त्यांनीच माझ्या तोंडात घातलं, घोटवून घेतलं, आणि मग माझंच म्हणून माझ्या मायला विकलं. तिनं ते भाकऱ्या थापताना स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. तिनं का विश्वास ठेवू नये?

मी तिच्या हातातली राख घेतली आणि दुसरं पातेलं ओढलं. ती म्हणाली, नको, कपडे खराब होतील. मी ऐकलं नाही. घासत राहिले.  सगळ्या गोष्टी एका संध्याकाळी साफ झाल्या, असं मी सांगणार नाही. झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी प्लँट हेडना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हाऊसकीपिंग ठेकेदाराचं असतं, त्यात कंपनी पडत नाही. ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, आम्हाला एचआरनं सांगितलं. एचआर म्हणजे सर. असं गोल फिरून मी त्याच केबिनच्या दाराशी आले. मॅनेजर बाई एकट्यात म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, पण तू प्रोबेशनवर आहेस. त्यांना माझी काळजी वाटत होती. पण त्या काळजीनं मायचा पास चालू होणार नव्हता.

त्या रविवारी सरांच्या वर्गात माझा सत्कार होता. आधीच ठरलेला. मला वाटलं रद्द करतील. नाही केला. सरांचा निरोप आला, झालं गेलं विसरून ये, नव्या मुलांना दोन शब्द सांग. त्यांना खात्री होती. नारळ, शाल, फोटो, आणि मी हात जोडून म्हणणार, सर नसते तर मी कुठेच नसते. वर्षभर मी बाकीच्यांना तेच म्हणताना बघितलं होतं.

मी गेले. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत एक मुलगी होती, वहीवर पेन टेकवून तयार. सरांनी माझी ओळख करून दिली. घरची परिस्थिती अत्यंत बिकट, म्हणाले. आई गृहिणी.

अजूनही. सगळं झाल्यावरही. माझ्यासमोर उभं राहून.

सर शाल उघडत होते. मी त्यांच्या हाताला धरलं आणि शाल खाली केली. जोर लावला नाही. फक्त खाली केली. मग मुलांकडं वळले.

मी म्हटलं, "माझी माय गृहिणी नाही. ती सरांच्या कंपनीत झाडू मारत होती. मी ते इंटरव्ह्यूत सांगितलं आणि तरी माझी निवड झाली. त्यानंतर सरांनी तिला कामावरून काढायला लावलं, आणि ते मीच सांगितलं म्हणून तिला सांगितलं. इथं बसायला, बोलायला शिकवतात, ते शिका. कामाचं आहे. पण आई काय करते ते सरांनी सांगितलेलं पाठ करू नका. ते तुम्हाला माहीत आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतली मुलगी खाली बघत होती. मागून एक जण म्हणाला, सरांनी एवढं केलं आणि ही बघा. सर माईकवर म्हणाले, यश काहींना पचत नाही. सरांच्या बाई दाराशी उभ्या होत्या, चहाचा ट्रे घेऊन. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी नव्हतं.

मी जिना उतरले.

आता कंपनीत माझ्याबद्दल एक शब्द फिरतो. कृतघ्न. कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी फारसं कुणी बसत नाही. वरच्या मजल्यावरचे तर नाहीतच. शेवंतामावशी मात्र आता तोंड फिरवत नाही. माय आळंदीलाच जाते. तिथला स्वयंपाक तिच्या हातात दिलाय. ती बोलते, हसते, पण काहीतरी मोडलंय ते मोडलंय. परवा तिला माझ्या कंपनीच्या बस स्टॉपपाशी काही काम होतं. तिनं सकाळी मला विचारलं, "मी तिकडून गेलं तर चालंल ना तुला?" तिच्याकडून नकळत विचारलं गेलं. मी हातातला घास ताटात ठेवला. हे त्या माणसानं केलं. हे मी माफ करणार नाही. वय झालं म्हणून नाही, शिकवलं म्हणून नाही, चहा पाजला म्हणूनही नाही.

माझं प्रोबेशन संपत आलंय. मला कायम करायचं की नाही, ते ठरवणाऱ्यांत सर आहेत. शेरा काय येईल त्याचा मला अंदाज आहे. मी राजीनामा देणार नाही. ही जागा मी इंटरव्ह्यू देऊन मिळवली, कुणाच्या शालीखालून नाही. काढायचं असेल तर मला समोर बसवावं लागेल आणि कारण तोंडानं सांगावं लागेल. मी ते लिहून मागणार आहे. मायचं कारणही लिहून मागणार आहे, ठेकेदाराकडं, कंपनीकडं, आणि तिथं नाही मिळालं तर कामगार आयुक्तांच्या दारात. माय म्हणते जाऊ दे. तिला जाऊ द्यायचं असेल तर ते तिनं सांगावं, मी ऐकेन. साहेबांनी नाही.

ऑफिसच्या कागदांवर मी माझं नाव बदलून घेतलंय. आद्याक्षर काढून पूर्ण आडनाव. समोरचा वाचतो, जरासा थांबतो. थांबू दे.

आणि माझ्या वतीनं आता कुणीही बोलायचं नाही. चांगलंही नाही.